वारसा कायद्याचं पुस्तक घेण्याआधी

अभ्यासगटातील सर्वांसाठी,

मृत्युपत्र-वारसा विषयाचं पुस्तक घेताना आधी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम ६ उघडा. २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल (२०२०) त्यात नसेल तर पुस्तक खाली ठेवा, कितीही स्वस्त असो. मी रद्दीवाल्याकडून साठ रुपयांत आणलेल्या प्रतीत मुलगी अजून सहदायादच (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच वाटा असलेली) नव्हती! भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मधलं दोन साक्षीदारांचं साक्षांकन (मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणं) उदाहरण देऊन समजावलंय का, तेही पाहा. गोव्याच्या सदस्यांनी तिथला २०१२ चा स्वतंत्र कायदा असलेलंच घ्यावं. मुलंबाळं असतील तर तिथे मृत्युपत्राने निम्मीच मिळकत देता येते.

बेअर ॲक्ट (टीका-टिप्पणीशिवाय कायद्याचा नुसता मूळ मजकूर) वेगळा घ्याच. एकत्र ऑर्डर रविवारी देतोय, शनिवारी रात्रीपर्यंत नाव कळवा.