खिळे परत खणात कोण टाकणार?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री फोन तू ठेवलास की मी ठेवला हे मला नीट आठवत नाही, आई म्हणते तुम्हीच ठेवलात, तर तसंच असेल. चार दिवस झाले. रोज सकाळी व्हॉट्सॅप उघडतो, तुझं नाव काढतो आणि काही न लिहिता बंद करतो, म्हणून आज सगळं एकदमच लिहून पाठवतोय. मोठं झालं तर तुकड्या तुकड्यानं वाच. "फुकटचं काम" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. तू गप्प झालीस तेव्हाच मला कळलं होतं.

जुन्या वेबसाइटी बुडू नयेत म्हणून सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं सॉफ्टवेअर लिहायला तू नोकरी सोडलीस, यावर आता मी काही बोलणार नाही. सोडलीस फेब्रुवारीत आणि सांगितलंस मे महिन्यात, त्याचं वाईट वाटलं, पण तेही राहू दे. मला खरं म्हणजे एकच विचारायचं होतं आणि ते विचारायच्या आधीच आवाज चढला. या कामात तुझ्याबरोबर दुसरं कोण आहे?

दिवाळीचं आठवतंय ना, सोसायटीच्या साइटचं? पाडव्याला सकाळी सकाळी चेअरमन दारात, कारण होस्टिंगवाल्यानं पीएचपी, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिलीय ती, बदलून ८.२ केलं होतं आणि साइट उघडली की वर नुसत्या डेप्रिकेटेड डेप्रिकेटेड, म्हणजे हे जुनं झालं पुढं चालणार नाही, अशा ओळीच ओळी, त्यांच्या खाली ठेवींचे व्याजदर, आणि सभासदांचं लॉगिन तर होतच नव्हतं. तू सोप्यात पाटावर लॅपटॉप ठेवून बसलीस, शेजारी चकलीची ताटली, आणि मला दाखवलंस की हे कोडइग्नायटर तीनवर, म्हणजे पीएचपीतल्या साइटींच्या तयार सांगाड्यावर केलंय, करणारा पोरगा हुबळीला गेला तो गेलाच, जाताना डेव्हलपमेंट मोडसुद्धा बदलला नाही म्हणून आतल्या सूचना सगळ्या जगाला दिसतायत. एक ओळ बदललीस आणि साइट सरळ झाली. चेअरमन खूश होऊन गेले. तू खूश नव्हतीस. म्हणालीस, आप्पा मी नुसतं वरून झाकलंय, दुखणं तसंच आहे, आज सूचना आहे तिचा पुढं पीएचपी ९ मध्ये एरर करायचं ठरलंय, तेव्हा हे पान उघडणारच नाही.

मी म्हटलं, मग त्याचा चार नंबर आलाय ना, तो घाला की. तर म्हणालीस, चार चांगला आहे पण तो मुळापासून नव्यानं लिहिलाय, तीनवरचं काम उचलून चारवर ठेवता येत नाही, सगळं परत लिहावं लागतं आणि चेअरमन त्याला पैसे देणार नाहीत. अशा कितीतरी असतील, पतसंस्था, शाळा, दवाखाने. स्वस्तातल्या होस्टिंगवर फोल्डर चढवलं की चालू, म्हणून आपल्याकडं पोरांनी कोडइग्नायटर भरभरून वापरलं आणि आता ती पोरं कुठं आणि साइटी कुठं. त्या दिवशीच हे तुझ्या डोक्यात शिरलं असणार. जुनी फोल्डरं चालत राहतील आणि राहत्या घरातच एकेक खोली नवी बांधत जायची, असं काहीतरी तू आईला भाकरी थापताना सांगत होतीस. मी आतून ऐकत होतो. मला तेव्हाच पटलं होतं गं, बोललो नाही एवढंच.

तू सांगतेस ते मी वहीत लिहून ठेवतो, तुला माहीत नसेल. कोडइग्नायटर २००६ साली एलिसलॅब नावाच्या कंपनीनं काढलं. त्यात पाहिजे ते मिळेना म्हणून टेलर ओटवेलनं २०११ ला लारावेल नावाचा दुसरा सांगाडा केला आणि लोक तिकडं वळले. मग कंपनीला सांभाळणं होईना, २०१४ ला ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडं गेलं, तिथले शिकवणारे जिम पॅरी यांनी ते पुढं नेलं. आणि चार नंबर बाहेर पडायच्या आधी, १५ जानेवारी २०२० ला, ते गेले. बाकीच्यांनी २४ फेब्रुवारीला, त्यांच्या वाढदिवसाला, ते बाहेर काढलं. हे सगळं तू स्टेशनला जाताना रिक्षात एका दमात सांगितलंस आणि पुढं कंपोजर का काय त्याच्यावर गेलीस, मी मात्र तिथंच अडकून बसलो. पाच-सहा आठवडे राहिले होते फक्त. तरी काम बाहेर आलं, ते कशामुळं आलं? किल्ल्या दुसऱ्यांकडं पण होत्या म्हणून.

मी हेच विचारलं तर म्हणतेस, आप्पा ओपन सोर्स आहे, एमआयटी लायसन्स आहे, कोणीही घेऊन पुढं नेऊ शकतं. कोणीही म्हणजे कोण गं? मला एक नाव सांग.

तुला छापखान्यातलं किती आठवतं काय की. तू बालवाडीत असताना तिथं स्टुलावर बसायचीस आणि छपाईच्या शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर वाचायचीस, म्हणजे उलटं, त्यामुळं शाळेत बाईंनी फळ्यावर क काढला तर तू उभी राहून सांगितलंस की बाई तो उलटा काढलाय. बाईंनी आईला बोलवून घेतलं होतं. मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तर लोकांना वाटतं पत्रिका छापून झाली की काम संपलं. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचं अर्धं काम तिथून पुढं असायचं. फर्मा म्हणजे जुळवलेली चौकट सोडायची, खिळे रॉकेलनं ब्रशनं धुवायचे, आणि मग एकेक खिळा बोटानं चाचपत ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा स वेगळा. त्याची मजुरी कोण मोजत नव्हतं. पण ते नाही केलं तर उद्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, हात घातला की खण रिकामा. एका वैशाखात माझ्याबरोबरचा कंपोझिटर टायफॉइडनं पडला आणि मी एकटा राहिलो, लग्नसराई, मालक म्हणाले जमेल की तुला, आणि मला पण वाटलं जमेल. दिवसभर जुळवायचो, रात्री खिळे टाकायला उभा राहायचो, डोळे मिटत असायचे. तिसऱ्या का चौथ्या रात्री श्री संपले. लग्नपत्रिकेत श्री संपले म्हणजे काय ते तुला कळेल. घाईनं धुतलेले खिळे भराभर टाकत गेलो आणि व च्या खणात ब पडले. सकाळी तीनशे पत्रिकांवर "बधू" छापून गेलं. प्रूफ बघायला दुसरा माणूसच नव्हता ना. कागदाचे पैसे पगारातून गेले त्याचं काही नाही, पण मुलीच्या वडलांना तोंड कसं दाखवायचं म्हणून मी मागच्या दारानं बाहेर पडलो होतो. वडगावचे होते ते. मला अजून वाटतं मी तेव्हा मालकांना सरळ सांगायला पाहिजे होतं की एकट्यानं होणार नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलापण नाही.

आणि तुझं ते उघडं ठेवणं मला पटत नाही असं समजू नकोस. नव्वदच्या दशकात आमच्याकडं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली तेव्हा कॉम्प्युटरच्या मागं डोंगल, म्हणजे कंपनीची किल्लीसारखी डबी लावल्याशिवाय मराठी सॉफ्टवेअर चालायचं नाही. डोंगल बिघडला की आठ दिवस काम बंद, मुंबईहून दुसरा येईपर्यंत. आणि मजकूर सगळा त्या एका कंपनीच्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे म्हणतात, पण आमच्यापर्यंत यायला किती वर्षं गेली. नंतर जुन्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा नुसता कालवा. दहा वर्षांचं काम, दिवाळी अंक, गावच्या देवळांच्या पुस्तिका, तुझ्या आज्जीनं सांगितलेल्या ओव्या मी हौसेनं बसवल्या होत्या त्या पण. फायली आहेत अजून आणि वाचता येत नाहीत. तेव्हा कुणी तुझ्यासारखं बसून, जुनं चालत राहील आणि नव्यात येईल, असं काही केलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. ही गोष्ट रविवारी सांगायची सोडून मी भलतंच बोललो.

पण सोनू, दुसरा माणूस लागतोच.

परवा दादानं मला एक्सझेडचं, म्हणजे फायली दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरचं, वाचून दाखवलं, मार्च २०२४ मधलं. इतक्या लिनक्स मशीनवर असलेलं ते, आणि सांभाळणारा एकच माणूस, तोही थकलेला, तब्येतीनं खचलेला. वरून लोक त्याच्या मागं लागलेले की कामं लवकर कर नाहीतर दुसऱ्याच्या हातात दे. मग एक जण मदतीला आला, दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि आत चोरदार बसवून ठेवलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं खोदून काढलं, नाहीतर कळलंच नसतं. मी ते ऐकून रात्रभर कूस बदलत होतो. म्हणजे एकटं राहावं तरी धोका आणि येईल त्याला आत घ्यावं तरी धोका. मग मी तुला काय सांगणार? फक्त एवढंच, की थकायच्या आधी माणूस शोध. थकल्यावर शोधलेला माणूस पारखून घ्यायची ताकद राहत नाही. कॉलेजातली ती तुझी धारवाडची मैत्रीण, तिला विचारलंस काय? ती रागीट आहे पण कामाला पक्की आहे. आणि जो कोण असेल त्याच्याशी पैशाचं आधी बोल, ओळखीत राहिलं असं करू नकोस, खालच्या घराचं काय झालं ते बघितलंयस. दर महिन्याचा खर्च लिहीत जा. रात्री दोनला तू ऑनलाइन दिसतेस, तेव्हा जागून केलेलं दुसऱ्या दिवशी परत करावं लागतं, मनगटाचं दुखणं पण तू आईला सांगितलंस आणि मला नाही, त्याला शेक दे, आणि

बघ, परत सुरू झालं माझं. माफ कर. तुला सगळं कळतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत शेजारचे विचारत होते, काय करूलालीय तुमची मुलगी? मी म्हटलं, लोकांची जुनी कामं बुडू नयेत म्हणून एक नवीन पाया घालूलालीय, आणि सगळ्यांना उघडा ठेवणार आहे. त्यांना काही कळलं नाही. चित्ररथ पुढं गेला तरी मी सांगतच होतो.

शहापूरच्या आक्काचं ऑपरेशन पुढं ढकललंय, शुगर खाली येईना. पाऊस खानापूरकडून रोज संध्याकाळी येतो आणि तिसऱ्या गेटपाशी पाणी. दादाचं अजून काही ठरलं नाही, त्याला तू काही विचारू नकोस.

तुझी ती डॉक्युमेंटेशनची पानं मी दादाकडून प्रिंट करून आणलीत. एकोणतीस पानं झाली. इंग्रजी अर्थ सगळा लागत नाही मला, पण प्रूफ बघायला अर्थ लागतोच असं नाही, आम्ही कन्नड पत्रिकांची पण प्रूफं बघायचो. लाल पेन घेऊन अकरा पानं झाली. डिपेन्डन्सीच्या स्पेलिंगात शेवटून चौथं अक्षर ए पडलंय, तिथं ई पाहिजे, सात ठिकाणी आहे. चौथ्या पानावर एकच ओळ दोनदा आलीय. नवव्या पानावर कोडच्या चौकटीत एक कंस उघडलाय तो बंद झालेला दिसला नाही, मी तीनदा बोट ठेवून बघितलं. फोटो काढून पाठवतोय, तारखेसकट. बाकीची पानं रविवारपर्यंत होतील. नवीन लिहिलीस की आधी इकडं पाठवत जा.

शुक्रवारच्या राणी चन्नम्मा गाडीनं समोरच्या काकू येतायत, त्यांच्याकडं कुंदा, शेंगाची चटणी आणि ज्वारीचं पीठ दिलंय. स्टेशनवर जाऊन घे, त्यांना जड होईल.

तुझा आप्पा

ता.क. नाव नाही सांगितलंस तरी चालेल, कोणीतरी आहे एवढं कळव.