जुन्या स्पोर्ट्स कारच्या क्रूझ कंट्रोलची तपासणी पासिंगच्या वेळी व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण लांबीने खुला झाला आणि तेव्हापासून क्रूझ कंट्रोलचे (पेडल न दाबता ठरावीक वेग राखणाऱ्या यंत्रणेचे) बटण महाराष्ट्रातील अनेक चालकांच्या नित्याच्या वापरात आले आहे. 701 किलोमीटरचा सरळ रस्ता आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत मुभा असल्यावर तसे होणे स्वाभाविक आहे. या रस्त्यावर नव्या गाड्यांबरोबर वीस-पंचवीस वर्षांच्या, बहुतेक परदेशातून आलेल्या दोन दरवाजांच्या स्पोर्ट्स कारही हौसेने धावताना दिसतात. जुन्या गाड्यांची वायरिंग आणि इंधनयंत्रणा दुरुस्त करण्यात माझी बहुतेक हयात गेली आहे. या गाड्यांतील क्रूझ कंट्रोलच्या बिघाडाकडे ‘चैनीची वस्तू बंद पडली, एवढेच’ म्हणून दुर्लक्ष केले जाते, याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अलीकडच्या गाड्यांत ब्रेक दाबला की इंजिनाची ताकद संगणकच कमी करतो. जुन्या गाडीत थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा) लोखंडी केबलने ओढला जातो. एक केबल अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून येते आणि दुसरी क्रूझ कंट्रोलच्या यंत्रापासून. हे यंत्र कुठे लहान विद्युत मोटरवर चालते, तर कुठे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा शोषली गेल्याने होणाऱ्या कमी दाबावर) ओढल्या जाणाऱ्या रबरी पडद्यावर. चालकाने ब्रेक किंवा क्लच दाबताच यंत्राने केबल सोडून द्यावी आणि स्प्रिंगने थ्रॉटल मिटवावा, अशी ही साधी रचना आहे. परंतु स्पोर्ट्स कारचे बॉनेट बुटके आणि इंजिन दाटीवाटीने बसवलेले असल्याने तेथील उष्णता या भागांना फार लवकर म्हातारे करते. रबरी पाइप कडक होऊन तडकतात, कंट्रोल युनिटमधील सोल्डरला बारीक भेगा पडतात आणि केबलचे तार आवरणाच्या आत एकेक करून तुटू लागतात. त्यात आपल्याकडे अशा गाड्या पावसाळाभर कव्हरखाली उभ्या असतात, तेव्हा कनेक्टरला गंज चढतो आणि उंदीर वायरी कुरतडतात.

सर्व बिघाड सारखे घातक नसतात, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. क्रूझ कंट्रोल लागतच नसेल, तर सहसा धोका नसतो. अनेक जुन्या गाड्यांत ही यंत्रणा ब्रेकच्या दिव्यांच्या बल्बमधून सर्किट पूर्ण झाले आहे का, हे पाहते. त्यामुळे मागचे बल्ब गेले किंवा कोणी हौसेने त्यांच्या जागी एलईडी दिवे बसवले, तरीही ती चालू होत नाही, आणि मालक मात्र महागडे कंट्रोल युनिट शोधत फिरतो. मध्येच आपोआप सुटत असेल, तर बहुधा वेगाचा संकेत तुटत असतो. नवीन म्युझिक सिस्टिम बसवताना त्याच वायरीला जोड दिला गेला आहे का, हे आधी पाहावे. वेग सतत खालीवर होत असेल, तर व्हॅक्यूमची गळती किंवा ढिली केबल संभवते. क्लच दाबताच इंजिन एकदम गर्जना करू लागले, तर क्लचचा स्विच काम करत नाही, असे समजून त्या क्षणापासून क्रूझ कंट्रोलचा वापर थांबवावा. आणि ब्रेक दाबल्यावरही इंजिन ओढतच राहिले, तर तो बिघाड ब्रेक निकामी होण्याइतकाच गंभीर मानला पाहिजे.

असे धावत्या गाडीत घडल्यास काय करावे, हे बहुतेकांना कोणी शिकवलेले नसते. ब्रेक एकदाच, घट्ट दाबून धरावा, पुनःपुन्हा सोडून दाबू नये. थ्रॉटल उघडा असताना इंजिनातील व्हॅक्यूम कमी होतो, आणि पेडल वारंवार मारल्यास ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधील साठा संपून पेडल दगडासारखे कडक होते. त्याच वेळी गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन कर्कश ओरडेल, पण त्या आवाजाने घाबरून जाऊ नये, कारण चाकांपर्यंत जाणारी ताकद तोवर तुटलेली असते. गाडी डाव्या कडेला पूर्ण थांबल्यावरच इंजिन बंद करावे. धावत्या गाडीची किल्ली काढल्यास स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते.

दुरुस्तीच्या नावाखाली जे चालते, त्याने अधिक त्रास होतो. माझ्या परिचयातील एका तरुणाच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे क्रूझ कंट्रोल समृद्धीवर वेळेवर सुटेना, तेव्हा एका गॅरेजने सरळ फ्यूज काढून दिला. त्या गाडीत ब्रेकच्या दिव्यांनाही तोच फ्यूज होता. म्हणजे गाडी ब्रेक लागल्याची कोणतीही खूण मागच्यांना न देता घरापर्यंत आली, आणि अर्धवट अडकलेली केबल थ्रॉटलला होती तशीच राहिली. ही यंत्रणा नको असेल, तर केबल थ्रॉटलपासून वेगळी करून, व्हॅक्यूमची नळी बंद करून ती रीतसर काढावी आणि ब्रेकचे दिवे तपासूनच गाडी मालकाच्या हाती द्यावी.

हा विषय किती गंभीर होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. क्रूझ कंट्रोलच्या, ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या एका स्विचपायी फोर्ड कंपनीला 1999 ते 2009 या काळात टप्प्याटप्प्याने सुमारे 1 कोटी 40 लाख वाहने परत बोलवावी लागली. हा स्विच खरे तर जास्तीच्या सुरक्षेसाठीच बसवलेला होता. त्यातील पातळ पडद्यातून तेल विजेच्या भागात झिरपत असे, आणि किल्ली काढल्यावरही स्विचला वीज मिळत राहिल्याने उभ्या गाड्यांना आगी लागल्या. त्या गाड्या स्पोर्ट्स कारच होत्या असे नाही, पण या यंत्रणेचे सुटे भाग वयानुसार धोकादायक होतात, हे त्यातून स्पष्ट दिसते. बाहेरून आणलेली जुनी गाडी विकत घेताना मूळ देशात तिच्या चेसिस क्रमांकावर कंपनीने परत बोलावून करायची अशी दुरुस्ती बाकी आहे का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी आणि पुढे दर 5 वर्षांनी तपासणीनंतर नूतनीकृत होते. वीस वर्षांवरील आयात मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क तर ऑगस्ट 2025 पासून 80,000 रुपये झाले आहे. मी पाहिलेल्या तपासण्यांत चेसिस क्रमांक, दिवे, हॉर्न आणि धूर यांपलीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पेडल सोडताच थ्रॉटल पूर्ण मिटतो का, ब्रेक आणि क्लच यांच्या हलक्या स्पर्शाने क्रूझ कंट्रोल सुटते का आणि यंत्रणा काढून टाकली असल्यास तिची केबल वेगळी केली आहे का, एवढे पाहायला निरीक्षकाला थोडाच वेळ लागेल. परिवहन आयुक्तांनी या तीन गोष्टींचा पासिंगच्या तपासणीत लेखी समावेश करावा आणि अर्धवट बंद केलेल्या यंत्रणेच्या गाडीला दुरुस्तीशिवाय नूतनीकरण देऊ नये, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाहन-दुरुस्ती व्यावसायिक, पुणे