चौकाभोवतीच्या घरांसाठी पांढऱ्या फरश्या हव्यात : आवाहन

सप्रेम नमस्कार.

पर्वतीच्या पायथ्याच्या आमच्या वस्तीत पत्र्याची काही घरं उतरवून त्या जागी एका चौकाभोवती पक्की घरं उभी राहत आहेत. अनुदान, कर्ज आणि घरटी वर्गणी यांतून भिंती आणि स्लॅब निघेल. गच्ची आणि चौकासाठी मात्र पैसा उरत नाही.

ही वरवरची कामं नाहीत. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे घर सगळ्यात जास्त तापतं ते छपरातून. पत्र्याखाली तेव्हा तान्हं मूल निजवता येत नाही. फळीवरची भांडीसुद्धा हाताला गरम लागतात. नुसता स्लॅब टाकला तर दुपार थोडी सुसह्य होईल, पण दिवसभर मुरलेली उष्णता तो रात्री खाली सोडत राहील. म्हणून गच्चीवर उतार काढून ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या फरश्यांच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करायचं ठरलं आहे. ऊन परतेल आणि पावसाळ्यात गळतीही होणार नाही.

बाकी आराखड्यात वाड्यांचं शहाणपण आहे. भिंतीला भिंत, मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला, जिने आणि न्हाणीघरं पश्चिमेला, म्हणजे उतरतं ऊन त्यांच्यावरच अडतं. पुण्यात उन्हाळ्यातही रात्री हवा बरीच उतरते, पण ती घरात यायला वाट हवी. दार उघडं टाकून झोपणं बायका-मुलींना जमत नाही. म्हणून चौकाकडच्या भिंतीत विटांची जाळी येणार आहे. हे वस्तीतल्या बायकांनीच बैठकीत लावून धरलं, आणि आमच्या मते आराखड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

आपल्याकडे बाथरूमचं काम निघालं असेल तर पांढऱ्या फरश्या राड्यारोड्यात जाऊ देऊ नका. दहा बाय बाराच्या एका खोलीवर साधारण १२० चौरस फूट लागतात. फुटक्याही चालतील, कारण त्या फोडूनच बसवायच्या आहेत. रंग मात्र पांढरा किंवा अगदी फिका हवा. फरशीच्या दुकानदारांनी आपल्याकडचा फुटका माल आमच्यासाठी बाजूला ठेवावा, टेम्पो आम्ही पाठवू. सिमेंट, जुन्या सागवानी खिडक्या आणि चौकासाठी कडुनिंब, करंजाची रोपंही हवी आहेत.

कोब्याचं काम जाणत्या कारागिरांकडूनच करून घ्यायचं आहे, त्यांच्या मजुरीसाठी देणगी द्यावी. ती समितीच्या नावाने चेकनेच स्वीकारली जाईल, पावती मिळेल आणि हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. रविवारी सकाळी फरश्या फोडायला या. येताना पायात बूट असू द्या, हातमोजे आणि चष्मे आम्ही देऊ.

उरलेल्या पत्र्याच्या घरांची पाळी पुढच्या टप्प्यात आहे. यंदा होळीच्या आत त्यांच्या छपरांवर चुन्याचे दोन हात मारायचे आहेत. त्यासाठी कळीचा चुना आणि मोठे ब्रश लवकरात लवकर पोहोचवावेत, ही विनंती.

आपले,
वसाहत रहिवासी समिती, पुणे