अर्जातल्या रेघा हटवा, रकाने द्या

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस सादर नमस्कार.

निवृत्तीनंतर इंदूरमध्ये शेजारपाजारच्या वृद्धांचे अर्ज मी हौसेने भरून देतो, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे. अर्जाचे नमुने वर्डच्या फाइलमध्ये मिळतात ही सोय खरी. परंतु नाव-पत्त्यासाठी त्यांत नुसत्या रेघा ओढलेल्या असतात. तेथे टाइप करू लागताच रेघ पुढे सरकते, तक्ता विस्कटतो आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. गेल्या पावसाळ्यात एका आजींचा अर्ज भरताना माझ्या हातून प्रतिज्ञापनातली अर्धी ओळ पुसली गेली, ते ध्यानात आले नाही आणि अर्ज परत आला. चूक माझीच, पण जो मजकूर अर्जदाराने बदलायचाच नाही, तो पुसता येईल असा ठेवावा तरी कशाला?

याचा उपाय वर्डमध्येच आहे. त्यातला ‘डेव्हलपर’ टॅब आपण होऊन दिसत नाही, बहुधा म्हणूनच तिकडे कोणी वळत नाही. तो चालू केला की मजकुराचा रकाना, तारीख निवडण्याची सोय, खुणेची चौकट आणि पर्यायांची यादी असे सारे हाती येते. एकाच तहसिलीचे नाव कोणी ‘महू’ लिहितो, कोणी ‘डॉ. आंबेडकरनगर’. सांवेर, देपालपूर, हातोद यांच्यासह एकच ठरलेली यादी दिली, तर हा घोळ उरणार नाही. समग्र क्रमांकासाठी, म्हणजे राज्य शासन प्रत्येक रहिवाशाला आणि कुटुंबाला देते त्या ओळख क्रमांकासाठी मात्र जुन्या पद्धतीचा रकानाच घ्यावा, कारण 2007 च्या आवृत्तीपासून आलेले नवे रकाने देखणे असले तरी अक्षरसंख्येची मर्यादा जुन्यातच घालता येते. व्यक्तीचा क्रमांक 9 अंकी आणि कुटुंबाचा 8 अंकी असल्यामुळे लोक एकाच्या जागी दुसरा लिहितात. 8 अंकांची मर्यादा घातलेल्या रकान्यात नववा अंक उमटतच नाही. शेवटी फाइलला ‘फक्त अर्ज भरता येईल’ असे संरक्षण द्यावे, म्हणजे प्रतिज्ञापन जागच्या जागी राहील.

नमुना युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तीच राहतील अशा सर्वमान्य पद्धतीत असावा. कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फाँटमधला अर्ज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. (आमच्या ‘काळे’ आडनावाचे हिंदी अर्जांत ‘काले’ होणे हे निराळे दुखणे, ‘ळ’ युनिकोडमध्ये आहे, तो उमटवण्याची इच्छा हवी.)

वर्डमधला कोणताही अर्ज अशा रकान्यांशिवाय आणि संरक्षणाशिवाय प्रसिद्ध करू नये, असे परिपत्रक आपल्या विभागाने सर्व कार्यालयांना पाठवावे, ही नम्र विनंती.

आपला,
इंदूरचा एक निवृत्त लिपिक