पेटीवाल्याचं पत्र

प्रिय ढोलक्या,

तुझ्या पत्राला सात महिने उत्तर दिलं नाही. शिव्या हप्त्याने नको, एकदमच दे. माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो. हिचंही बरं चाललंय.

घरी प्रार्थनेची बैठक सुरू केलीय. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, संध्याकाळी. चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलंय, पण मंडळीचा कार्यक्रम म्हणून नाही. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. (आभारप्रदर्शन नाही म्हटल्यावर तू नक्की येशील, असं ही म्हणते.) पहिल्या दिवशी सात डोकी, त्यात घरचीच चार. आता पंचवीस-तीस होतात. सोफा आतल्या खोलीत ढकलायचा, सतरंज्या अंथरायच्या, वयस्करांना भिंतीकडेच्या खुर्च्या. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जातो.

पहिले दोन महिने गाण्याची पट्टी ठरवण्यातच गेले. तरुण संघात काळी दोनच्या खाली उतरणं आपल्याला अपमान वाटायचा ना? तीच खोड इथेही. ध्रुवपद सगळे म्हणायचे, अंतरा वर चढला की अर्धी माणसं ओठ मिटून पुस्तकात बघायची. मला वाटायचं, ध्यान लागलंय. शेवटी एक आजी म्हणाल्या, "तुम्ही गाताय तेवढं बरं गाताय, पण आम्हाला पण गाऊ द्या की." पांढरी एकवर उतरलो आणि पहिल्यांदा अंतऱ्यात घरभर आवाज आला. तू हे वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. कबूल.

तुझं रेव्हरंड ना. वा. टिळकांवरचं व्याख्यानही हल्ली मीच ठोकतो, तुझं नाव न घेता. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला माणूस अभंग आणि कीर्तन सोबत घेऊन आला, 1919 साली गेलाही, आणि आपण अजून विचारतोय उपासनेत टाळ चालतील का! तेव्हा मी कीबोर्डच्या बाजूने भांडलो होतो. हरलो नव्हतो बरं, दमलो होतो.

हे सगळं पाल्हाळ मुद्द्यावर यायची भीती वाटते म्हणून. आता येतो.

बैठकीला एक ताई यायच्या. दाराजवळ बसायच्या, आवाज बारीक पण सुरात. एकदा सगळे गेल्यावर थांबल्या आणि मुलाचं सांगितलं. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेलाय असं सगळ्यांना माहीत होतं. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. "तुमच्यापुरतं ठेवा, प्रार्थनेत आठवण करा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेच्या वेळी मी पेटीवर नुसता सा धरून होतो. तुला माझं माहीत आहे, खाली सूर चालू असला की माझी जीभ सैल सुटते. आजाऱ्यांसाठी झालं, परीक्षेच्या मुलांसाठी झालं, आणि मी म्हणालो, "प्रभू, आमच्यातल्या एका आईचा मुलगा व्यसनातून सुटायला धडपडतोय, घरापासून लांब आहे..." नाव घेतलं नाही. मला वाटलं, नाव घेतलं नाही म्हणजे झाकलं. अरे, पंचवीस माणसांत घरापासून लांब मुलगा असलेल्या आया किती असणार?

माझे डोळे उघडे होते. प्रार्थनेत मी हल्ली डोळे मिटत नाही, किती आले ते मोजत असतो. म्हणून दिसलं. ताईंचेही डोळे उघडे होते. गीतांच्या फायलीचा कोपरा त्या अंगठ्याने दुमडत होत्या, पुन्हा सरळ करत होत्या. दोन जणींनी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे पाहिलं. मी सा सोडला नाही. शेवटचं गीत त्यांनी चारही कडवी म्हटलं. मग फाईल ढिगावर ठेवली, ढिगाच्या कडा हाताने सारख्या केल्या, चपला शोधल्या आणि गेल्या. नंतर कळलं, लिफ्टमध्ये कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "सुटेल हो तुमचा मुलगा."

दोन शनिवार झाले, त्या आलेल्या नाहीत.

हे पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, हेतू चांगला होता. हिला सांगितलं तर ही म्हणाली, जाऊन माफी माग. दोघांचंही बरोबर. पण तूच एक माणूस आहेस ज्याने हे सतरंजीच्या त्या बाजूने पाहिलंय.

तुझ्या बाबांसाठी मी केलेली ती प्रार्थना. तू ढोलक गवसणीत घातलीस, चेन लावलीस, अर्ध्या गाण्यातून उठलास. मी मागून जिन्यात ओरडलो होतो, "प्रार्थनाच केली ना, शिव्या तर नाही दिल्या!" सहा वर्षं आपण बोललो नाही, आणि मग तुझ्या लग्नात बोललो ते जणू काही झालंच नव्हतं असं. मी ते वाक्य परत घेतलं नाही. आता घेतो. उशीर झालाय, पण घेतो.

परवा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. तेराव्या वचनात, दुःखी असेल त्याने प्रार्थना करावी, आनंदात असेल त्याने गावं. आपली बैठक तिथेच लिहून ठेवलीय म्हण. आणि तीन वचनं पुढे, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. आपली! दुसऱ्याच्या घरातली कबूल करायला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या शनिवारी पेटी बंद ठेवून बघितली. फ्रान्समध्ये तेझे गावात 1940 पासून एक मंडळी आहे, दोन-चार ओळींचं गीत पुन्हा पुन्हा म्हणतात आणि मग बराच वेळ गप्प बसतात. म्हटलं, आपणही पाच मिनिटं बसू, ज्याची विनंती त्याच्या मनात. दुसऱ्या मिनिटाला खोकले सुरू झाले, तिसऱ्याला एका पोराने "संपलं का?" विचारलं. पण कुणाच्या घरातलं काही बाहेर आलं नाही. माझे हात मात्र सारखे भात्याकडे जात होते.

ताईंच्या दारापर्यंत एकदा गेलो. आतून रेडिओ ऐकू येत होता. बेल न वाजवता परत आलो. माफी मागायला गेलो तर त्यांना ते सगळं पुन्हा तोंडावर ऐकावं लागणार. न गेलो तर मी सोयीने गप्प बसलो असं होणार. म्हणून तुला विचारतो, खरं सांग. त्या आठवड्यात मी तुझ्या दारात आलो असतो तर तू दार उघडलं असतंस का? आणि उघडलं असतंस तर मी काय म्हणायला हवं होतं?

तुझी बदली झाली की टळली? वहिनींना नमस्कार. धाकटीचं दहावीचं वर्ष ना, तिला ढोलकपासून लांब ठेव, निदान मार्चपर्यंत. पेटीचा मध्यम सर्दी झाल्यासारखा वाजतो, दुरुस्तीला टाकायचीय.

चौथा शनिवार दहा दिवसांवर आलाय, त्याआधी उत्तर पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू "जाऊ दे रे" म्हणशील.

तुझा,
पेटीवाला