विषय : २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यासोबतची किट लेन्स आणि दिशाभूल करणारी जाहिरात

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा (कॅमेरा विभाग)

महोदय,

मी कोल्हापुरात दागिन्यांचे फोटो काढतो. गुजरीतले सराफ हे माझे गिऱ्हाईक. अख्खा साज एका फ्रेममध्ये घ्यायचा आणि त्यातूनच एकेक पान, म्हणजे साजातले एकेक पदक, क्रॉप करून द्यायचे, असे हे काम. माझा जुना कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा. ‘दुप्पट मेगापिक्सेल, हवे तितके क्रॉप करा’ ही आपली जाहिरात पाहून २४ मेगापिक्सेलची बॉडी आणि १८-५५ मिमीची किट लेन्स असा संच घेतला.

फोटोच्या मधल्या भागात थोडा फरक दिसतो, नाही म्हणत नाही. पण कडेला सगळा आनंद आहे. साजातला मासा आणि कासव ओळखू येतात. त्यांवरचे खवले, रेघा मात्र पुसल्यासारख्या, आणि सोन्याच्या कडेला जांभळी किनार. फाइल तेवढी दुप्पट जड झाली. दुकानदाराने दुसरी नवी किट लेन्स लावून दाखवली, तीच गत. मग ह्याच बॉडीला मित्राची ६० मिमी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारकावे टिपणारी लेन्स लावली, तर साजातल्या जवमण्याची कोर न् कोर दिसली.

आपल्या सेवा केंद्राने बॉडी तपासून ‘सेन्सर निर्दोष’ असा शेरा दिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सेन्सरबद्दल माझी तक्रार नव्हतीच.

वर सल्ला मिळाला, ऍपर्चर एफ १६ ठेवा, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र अगदी लहान करा. त्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा. एफ १६ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरतो त्यामुळे, एका बिंदूचा ठिपकाच सुमारे २१ मायक्रॉन होतो, म्हणजे पाच पिक्सेलांवर पसरतो. एफ ८ ला तो ११ च्या आसपास असतो, पण तिथे ह्या लेन्सच्या कडा मुळातच मऊ. तपशील लेन्समधूनच आत आला नाही, तर पिक्सेल वाढवून तो कुठून येणार? शिवाय मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी आडव्या रेषेतले पिक्सेल १.४ पटच वाढतात. तेवढा फायदाही ही लेन्स खाऊन टाकते.

माहितीपत्रकातला पैठणीचा फोटो मात्र झकास आहे. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले आहे की तो वेगळ्या लेन्सने काढलाय. तिची किंमत पाहिली, बॉडीपेक्षा जास्त.

किट लेन्स परत घेऊन तिची रक्कम द्यावी, किंवा फरक घेऊन मॅक्रो लेन्स बदलून द्यावी. जाहिरातीतले नमुना फोटो संचातल्याच लेन्सने काढलेले असावेत आणि त्या लेन्सचा एमटीएफ आलेख, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ती किती स्पष्ट दाखवते याचा आलेख, खोक्यावर छापावा.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल आणि दोन्ही लेन्सचे मूळ फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक
कोल्हापूर