मोरी कुठे आहे? : नेरळच्या एका निवृत्त रेल्वे-मुकादमांना जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मला तुमच्या पत्त्यावर पाठवता आले असते, पण मग ते वाचून तुम्ही घडी घालून ठेवले असते आणि विषय तिथेच मिटवला असता. तुमचे नाव कुठेही छापायचे नाही, ही तुमची अट मी पाळली आहे. आभार चारचौघांत मानू नयेत, अशी अट मात्र तुम्ही घातली नव्हती, आणि त्या पळवाटेचा मी आज लाभ घेत आहे.

आपली पहिली भेट काही फार गोड नव्हती. जुम्मापट्टीच्या अलीकडे मी रुळांमध्ये उकिडवा बसून दोन स्लीपरांमधले, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमधले, अंतर टेपने मोजत होतो, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी लाइनवर एक फेरी मारल्याशिवाय तुम्हाला करमत नसल्यामुळे तुम्ही नेमके त्याच वेळी तिथे पोहोचलात. “ओ साहेब, उठा तिथून, गाडीची वेळ झालीय,” असे तुम्ही दरडावलेत. मी ओशाळून बाजूला झालो आणि माथेरानच्या रेल्वेचे मॉडेल करत असल्याचे सांगितले, तेव्हा तुम्ही विचारलेत, “गाडीचं की लाइनचं?” दोन्हींचे, असे मी ठोकून दिले. प्रत्यक्षात तोवर मी फक्त गाडीचाच विचार केला होता, हे तुम्ही माझ्या घरी आल्यावर पाच मिनिटांत ओळखलेत.

हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून मॉडेलविषयी थोडे सांगतो. लहानपणी पुण्याला कोथरूडमधील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात गेलो तेव्हापासून हे वेड डोक्यात होते. डोंबिवलीच्या सदनिकेत आठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद फळीएवढी जागा मोकळी व्हायला मात्र चाळिशी उलटावी लागली. माथेरानचा मार्ग १९०७ साली सुरू झाला, त्याचे दोन रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर आहे, आणि नेरळपासून वर पोहोचेपर्यंत गाडी साधारण २१ किलोमीटर चालते व साडेसातशे मीटरांहून अधिक चढते. मी निवडलेले प्रमाण १:७६ आहे. त्या मापाने अख्खा मार्ग करायचा म्हटला तर पावणेतीनशे मीटर लांबीचे आणि तीन मजली इमारतीएवढ्या उंचीचे मॉडेल होईल. नेरळ स्थानक करावे, तर शेजारच्या मोठ्या लाइनसाठी बरोबर २२ मिलिमीटरचा रूळ लागतो आणि तो बाजारात तयार मिळत नाही. म्हणून घाटातला मधलाच एक तुकडा घेतला: एक वळण, एक छोटा बोगदा, एक भराव आणि डोंगराची एक बाजू. हा तुकडा कोणत्याही एका जागेची हुबेहूब नक्कल नाही. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप यांच्या दरम्यान तो कुठेही शोभला असता, इतकाच माझा दावा होता. काळ धरला १९७०च्या दशकाच्या अखेरचा, वाफेच्या इंजिनांचा.

तुम्ही पहिल्यांदा कर्जत लोकलने डोंबिवलीला आलात, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने फळीवरची चादर दूर केली होती. दिवाळीचा किल्ला करायच्या पद्धतीनेच मी डोंगर केला होता. थर्माकोलच्या तुकड्यांवर गोणपाट टाकले होते, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर दिला होता आणि वरून गर्द हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवला होता. कड्यावरून पारदर्शक सरसाचे दोन धबधबे सोडले होते आणि खालून गाडी धावत होती. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ पाहिलेत आणि म्हणालात, “किल्ला छान झालाय. पण धबधबे वाहतात त्या दिवसांत आमची गाडी बंद असते.” त्या एका वाक्याने माझी सहा महिन्यांची हिरवळ उतरली. दर पावसाळ्यात घाटातली गाडी थांबते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मीही चार वेळा पावसात वर गेलो आहे आणि अमन लॉजपर्यंत टॅक्सीने गेलो आहे. तरीही चित्र काढताना डोळ्यांपुढे पावसाळाच आला. आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक सह्याद्री करतात तेव्हा तो असाच जुलैतला करतात, असे माझे आता मत झाले आहे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. भरावाच्या पायथ्याशी बोट ठेवून तुम्ही विचारलेत, “मोरी कुठे आहे?” मोरी, म्हणजे रुळाखालून पाणी पलीकडे नेणारी वाट, मी केलीच नव्हती. “मग वरचं पाणी कुठून जाणार?” मी हसून सांगितले की हे मॉडेल आहे, येथे पाऊस पडत नाही. तुम्ही हसला नाहीत. चहा गार होईपर्यंत तुम्ही मला सांगत राहिलात, की घाटातली लाइन रुळावर उभी नसते, पाण्याला करून दिलेल्या वाटेवर उभी असते. डोंगर जिथे कापला आहे त्याच्या वरच्या अंगाला एक आडवा चर असतो, तो वरून येणारे पाणी कापाच्या तोंडावर पडू देत नाही; रुळाच्या कडेला गटार असते, ते चराने सोडलेले आणि दगडातून पाझरलेले पाणी उचलते; ते गटार मोरीला मिळते आणि मोरी ते लाइनच्या खालून दरीत सोडते. यांपैकी एक ठिकाण जरी पालापाचोळ्याने तुंबले, तरी पाणी खडीत शिरते, खडीखालची माती मऊ होते आणि मग रूळ हवेत लोंबकळताना दिसतो. माती अडवणाऱ्या धारक भिंतींना भोके का ठेवतात, हेही मला त्या दिवशी कळले. मागची माती पाणी पिऊन फुगते, भोकातून ते निघाले नाही तर भिंतीला आधी पोट सुटते आणि नंतर ती दरीत बसते. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर तुम्ही लाइनवर काय पाहिलेत, ते तुम्ही फार थोड्या शब्दांत सांगितलेत. गाडी पुन्हा वर जायला २००७ उजाडले, इतकेच म्हणून तुम्ही बशीत चहा ओतलात. मी पुढे काही विचारले नाही.

तुम्ही गेल्यावर त्याच रात्री मी डोंगर उचकटला. सौ.ने केर काढताना जे शब्द वापरले ते येथे देत नाही.

नंतरचे आठ महिने मी जे काम केले त्यातले निम्मे तुमचे आहे, म्हणून ते तपशिलाने लिहितो. भराव कापून त्यात दगडी कमानीची मोरी बसवली. तिची तोंडे प्लास्टरच्या पातळ वड्यांवर सुईने दगडांचे सांधे कोरून तयार केली. धारक भिंतीत एक मिलिमीटरच्या ड्रिलने भोके पाडली, म्हणजे प्रत्यक्षातली साधारण तीन इंचांची, आणि प्रत्येक भोकाखाली पातळ काळ्या रंगाचा एकच ओघळ सोडला. पूर्वी मी संपूर्ण डोंगर गेरूसारखा लाल रंगवला होता. लाल माती वरच्या पठाराची आहे, ती जांभ्याची आहे, खाली मात्र सगळा काळा कातळ आहे, हे तुम्ही सांगितल्यावर कड्यांना काळा-करडा रंग आला आणि लाल रंग फक्त वरून वाहून आलेल्या मातीपुरता, चरांच्या तळाशी आणि मोरीच्या तोंडाशी उरला. ऋतू आता पावसाळ्यानंतरचा आहे, गाडी नुकतीच सुरू झाल्याच्या दिवसांतला: गवत अर्धे पिवळे, कारवी सुकायला लागलेली. पाणी कुठेही नाही, पण ते कुठून गेले ते सगळीकडे दिसते.

तुम्ही पिशवीतून आणून दिलेली माती मी सरळ वापरायला निघालो होतो. सवयीने तिच्यावरून लोहचुंबक फिरवला आणि त्याला काळ्या कणांची मिशी फुटली. तसे कण इंजिनाच्या मोटरीत गेले की मोटर जाते. ती माती मी तव्यावर भाजली, तीनदा चुंबक फिरवून आणि चहाच्या गाळणीतून चाळून मगच घातली. खडी चिकटवताना माझी पहिली फजिती तुमच्यासमोरच झाली, तीही सांगून टाकतो. एक भाग फेव्हिकॉल आणि दोन भाग पाणी असे मिश्रण मी ड्रॉपरने कोरड्या खडीवर सोडले, तर थेंब गोळी होऊन घरंगळले आणि खडीला सोबत घेऊन गेले. “बघा, तुमच्याकडेही पाऊस पडला,” असे म्हणून तुम्ही जे हसलात, ते मला त्या दिवशी थोडे लागले होते. उपाय साधा होता: आधी फवाऱ्याने खडी ओली करून घ्यायची आणि सरसाच्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे ते न घरंगळता आत मुरते.

रुळांबाबत तुम्ही मला अर्धीच माफी दिलीत, आणि ते योग्यच आहे. पैसे वाचवण्यासाठी मी ‘एन’ मापाचा तयार रूळ वापरला होता. तो मोठ्या लाइनची नक्कल असल्यामुळे त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असतात. “एवढे स्लीपर आम्हाला मिळाले असते तर आमच्या गँगनं देव पाण्यात ठेवले नसते,” हे तुमचे वाक्य ऐकून मी ब्लेडने त्यांच्यामधले दुवे कापले, एकाआड एक स्लीपर काढला आणि उरलेले हाताने सरकवून बसवले, तेही थोडे वाकडेतिकडे, तुम्ही सांगितलेत तसे. रुंदीचे मात्र काही करता आले नाही. दोन फुटांचा गेज १:७६ प्रमाणात आठ मिलिमीटरचा होतो आणि माझा रूळ नऊचा आहे. एका मिलिमीटरने काय बिघडते, असे मी म्हणालो, तेव्हा तुम्ही बोटांवर हिशेब करून उत्तर दिलेत, “तुमचा एक मिलिमीटर म्हणजे आमचे तीन इंच. तीन इंचांत गाडी खाली बसते.” यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

चढ मात्र मी खरा ठेवला. मूळ मार्गाचा सर्वांत तीव्र चढ २० ला १ आहे, आणि माझ्या तीन मीटरच्या मार्गावर तो १५ सेंटिमीटर उंची गाठतो. चाके जागच्या जागी फिरू लागल्यावर इंजिनात मासेमारीच्या गळाचे शिसे भरावे लागले, तेव्हा कुठे तीन डबे वर गेले. इंजिनाचा सांगाडा तयार विकत घेतलेला आहे. वरचे शरीर मी प्लास्टिकच्या पत्र्यातून केले, त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेल्या ७३८ क्रमांकाच्या इंजिनाची छायाचित्रे उपयोगी पडली. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. गाडी सुरू झाली तेव्हा तुम्ही मनगटावरचे घड्याळ पाहिलेत. तीन मीटर तिने पंधरा-सोळा सेकंदांत पार केले. “ही काय डेक्कन क्वीन आहे?” असे तुम्ही विचारलेत. ताशी १२ किलोमीटरच्या मर्यादेचा हिशेब या प्रमाणात मांडला, तर तेवढ्या अंतराला जवळजवळ सत्तर सेकंद लागायला हवेत. इतक्या मंद गतीला साधी मोटर गचके खाते, म्हणून स्पंदांनी वीज सोडणारा वेगळा नियंत्रक घेतला आणि दर वेळी चाके व रूळ पुसून घेण्याची शिस्त लावून घेतली. आता सदुसष्ट सेकंद लागतात. तीन सेकंदांची सूट द्यावी.

तुमच्या सगळ्या सूचना मी मानल्या असे नाही. भरावाच्या वळणावर, वरून पडणाऱ्या दगडांची टेहळणी करणारा माणूस हवा, असा तुमचा आग्रह होता. मी तेथे कोणीही उभे केलेले नाही. त्याऐवजी मोरीच्या तोंडाशी पाचोळा काढणारे दोघे बसवले आहेत. एकाच्या हातात घमेले आहे आणि दुसरा कमरेवर हात ठेवून उभा आहे. त्या दुसऱ्याचा चेहरा माझ्या हातून कोणासारखाही झालेला नाही, कारण एकंदर माणूसच दोन सेंटिमीटरांचा आहे; पण टोपी तुमच्यासारखी आहे, आणि नाव छापू नये या अटीत टोपी येत नाही.

तुम्ही सुचवलेली परीक्षा गेल्या रविवारी घेतली. डोंगराला व्हार्निशचे तीन हात दिले होते. फळीखाली स्टीलचे ताट ठेवले आणि बोगद्याच्या वरच्या अंगाला चमच्याने पाणी सोडले. ते चरात उतरले, चराच्या टोकाला क्षणभर साचले, मग गटाराला लागले आणि मोरीखालून ताटात टपटपू लागले. साधारण अर्धा चमचा पाणी भिंतीमागे गेले असावे, कारण डावीकडून तिसऱ्या भोकातून एक थेंब आला. रूळ कोरडा राहिला. दुसऱ्या खेपेला मात्र चराच्या वळणावर थोडे पाणी बाहेर सांडले. ती कड अर्ध्या मिलिमीटरने उचलावी की चर खोल करावा, हे मला ठरवता येत नाही. तोपर्यंत तो भाग मी तसाच ठेवला आहे.

येत्या महिन्यात एखाद्या रविवारी यावे. दुपारची लोकल रिकामी असते. काकूंना घेऊन आलात तर सौ.लाही बरे वाटेल. तिने डोंगर उचकटल्याचा केर माफ केला आहे, आणि त्याचे श्रेयही ती तुम्हालाच देते. ताट मोरीखाली ठेवलेलेच आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
रुळात बसून मोजमाप घेणारा